घरविम्याचा क्लेम मिळाला. आता नूतनीकरणाचे काय?

घराचा विमा उतरवणारी माणसे आपल्याकडे आधीच कमी. त्यातून वादळात, पुरात किंवा आगीत नुकसान होऊन ज्यांनी क्लेम केला, त्यांच्या मनात पुढच्या वर्षी एकच शंका असते : "आता कंपनी आपल्याला पॉलिसी देईल का? दिली तर हप्ता दुप्पट करेल का?" या भीतीपोटी काहीजण हक्काचा क्लेमही करत नाहीत. काहीजण कंपनी बदलतात आणि नव्या अर्जात जुना क्लेम लपवतात. काहीजण तर "एकदा झाले, पुन्हा थोडेच होणार" म्हणून नूतनीकरणच सोडून देतात. या तिन्ही गोष्टी क्लेमपेक्षा जास्त महागात पडतात. म्हणून क्लेम मिळाल्यापासून नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत काय होते आणि तुम्ही काय करायचे, ते या लेखात पाहू. उदाहरणे मुख्यतः कोलकात्याची आहेत. नोकरी-व्यवसायासाठी तिथे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना ती थेट लागू पडतात, आणि महाराष्ट्रातल्या घरांनाही नियम हेच आहेत.

धोका एकदाच येत नाही

२० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळाने कोलकात्यात हाहाकार केला. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे, हजारो उन्मळलेली झाडे, फुटलेल्या काचा, उडालेले पत्रे आणि तळमजल्यांत शिरलेले पाणी. दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले. पुढे २२ आणि २३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री कोलकात्यात सुमारे २५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि दुर्गापूजेच्या तोंडावर शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अम्फानमध्ये भिजलेल्या घरांपैकी काहींना पाच वर्षांनी पुन्हा पाणी पाहावे लागले असेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

म्हणजे ज्या घराला एकदा क्लेम करावा लागला, त्या घराला विम्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. नूतनीकरण सोडायचे नाही, याचे हे पहिले आणि पुरेसे कारण.

तुमची पॉलिसी कोणती आहे?

१ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा देणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांनी घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाण पॉलिसी देणे विमा नियामक इर्डाने बंधनकारक केले आहे. मुख्यालय कोलकात्यात असलेली नॅशनल इन्शुरन्स घ्या किंवा मुंबईची न्यू इंडिया घ्या, या पॉलिसीच्या मूळ अटी सारख्याच असतात. दर मात्र प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. आगीच्या विम्याचे ठरावीक दर १ जानेवारी २००७ पासून बंद झाले आहेत.

या पॉलिसीत आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणे, दरड कोसळणे, जमीन खचणे, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे अशा धोक्यांपासून संरक्षण आहे. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच झालेली चोरीही यात येते. इमारत आणि सामान दोन्हींचा विमा घेतला असेल, तर सामानाची यादी न देताही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते.

काय येत नाही, तेही वाचा. हळूहळू झिरपून आलेली ओल, जुनाटपणामुळे झालेली झीज, हरवलेली वस्तू यांचे पैसे मिळत नाहीत. शॉर्ट सर्किटने एखादे उपकरण आतल्या आत जळाले, तर त्या उपकरणाचा क्लेम बसत नाही. पण त्यातून आग पसरून बाकीचे घर जळाले, तर त्या आगीचा बसतो. जमीन खचण्याच्या कलमातही अपवाद आहेत. बांधकाम, पाडकाम किंवा खोदकामामुळे जमीन खचली तर ते संरक्षणाबाहेर राहते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी कोलकात्याच्या बोबाजार भागात मेट्रोचा बोगदा खणताना पाणी लागले, जमीन खचली, घरांना तडे गेले आणि काही घरे कोसळली. अशा वेळी भरपाई काम करणाऱ्या संस्थेकडे मागावी लागते, घरविम्याकडे नाही. नूतनीकरण करताना आपल्या परिसरातला खरा धोका कोणता आणि तो पॉलिसीत बसतो का, हे यासाठीच पाहायचे.

क्लेम दिल्यावर विमा रक्कम कमी होते का?

समजा तुमचा ६०० चौरस फूट कार्पेट एरियाचा फ्लॅट आहे. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २,५०० रुपये धरला, तर इमारतीची विमा रक्कम १५ लाख रुपये. त्याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाखांचे सामान. एकूण १८ लाख. हिशेब सोपा जावा म्हणून दर हजारी ५० पैसे धरू. वर्षाचा हप्ता झाला ९०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. (हा दर केवळ उदाहरणासाठी आहे, तुमच्या कंपनीचा वेगळा असेल.)

पॉलिसीचे सहा महिने शिल्लक असताना पुराचे पाणी शिरले आणि २ लाखांचा क्लेम मंजूर झाला. आता उरलेल्या सहा महिन्यांसाठी तुमचे संरक्षण १६ लाखांचे का? नाही. भारत गृह रक्षा पॉलिसीत क्लेम दिल्यावर विमा रक्कम पुन्हा पूर्ववत होते. त्यासाठी दिलेल्या रकमेवर उरलेल्या काळाचा हप्ता भरावा लागतो आणि कंपनी तो क्लेमच्या पैशांतूनही कापून घेऊ शकते. आपल्या उदाहरणात २ लाखांवर वर्षाला १०० रुपये, म्हणून सहा महिन्यांचे ५० रुपये आणि कर. क्लेमच्या रकमेतून थोडे पैसे कापलेले दिसले तर घाबरू नका, पण ते कशाचे कापले याचा लेखी तपशील मागा. विमा रक्कम पूर्ववत झाल्याचेही लेखी घ्या. नूतनीकरणाच्या वेळी हाच आकडा पायाभूत धरला जातो.

चालू पॉलिसीबद्दल आणखी एक दिलासा आहे. इर्डाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची किरकोळ पॉलिसी कंपनी मध्येच रद्द करू शकते ती फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच, आणि तीही नोटीस देऊन. खरा क्लेम केला म्हणून चालू पॉलिसी काढून घेता येत नाही.

हप्ता वाढतो का?

पुष्कळांच्या डोक्यात गाडीच्या विम्याचा हिशेब असतो. गाडीला एक वर्ष क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते आणि एका क्लेमने शून्यावर येते. त्यामुळे बंपरला ओरखडा गेला तरी माणूस दहादा विचार करतो. घरविम्यात अशी ठरलेली शिडी नाही. कंपनीने स्वतःहून काही सूट दिली असेल तर ती जाऊ शकते, आणि नूतनीकरणाच्या वेळी जोखीम पाहून कंपनी दर किंवा अटी बदलू शकते.

तरी भीतीचा आकार मोजून पाहा. वरच्या उदाहरणात क्लेममुळे दर दीडपट झाला असे धरू. ९०० चे १,३५० रुपये झाले. वर्षाला ४५० रुपये जास्त. मिळालेला क्लेम होता २ लाखांचा. केवळ हप्ता वाढेल या धास्तीने एवढा क्लेम सोडण्यात काहीच शहाणपण नाही. मात्र दोन-तीन हजारांच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी क्लेम करणेही बरे नाही. पॉलिसीत तुम्ही स्वतः सोसायची रक्कम दिलेली असेल तर ती वजा करून हातात काय उरते ते आधी पाहा.

पुढच्या वेळेसाठी एक उपाय आहे. ही पॉलिसी १० वर्षांपर्यंतची एकदम घेता येते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, आणि दरवर्षी तारीख सांभाळण्याची कटकटही राहत नाही. हप्ता एकरकमी भरावा लागतो, तेवढी तयारी हवी.

नूतनीकरणाला खरा धोका तीन गोष्टींचा

पहिला, तारीख चुकणे. घरविम्याचे नूतनीकरण आपोआप होत नाही. अर्ज आणि हप्ता दोन्ही तुम्हाला मुदतीआधी द्यावे लागतात. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेता येत नाही. म्हणून "उद्या भरतो" म्हणालात आणि रात्री वादळ आले, तर त्या रात्रीचा भार सर्वस्वी तुमचा. २०२० च्या टाळेबंदीत सरकारने हप्ता भरायला १५ मे पर्यंत मुदत दिली होती, पण ती वाहनांचा तृतीय पक्ष विमा आणि आरोग्य विमा यांनाच होती. ज्याच्या घरविम्याची मुदत त्या दिवसांत संपली आणि ज्याने तो तसाच राहू दिला, त्याने अम्फान विम्याविना सोसले. खंड पडला की नव्याने प्रस्ताव द्यावा लागतो, कंपनी घर पाहायला माणूस पाठवू शकते, आणि मधल्या दिवसांतले नुकसान कोणीही भरून देत नाही.

दुसरा, लपवाछपवी. प्रस्ताव अर्जात मागील नुकसान आणि क्लेम विचारलेले असतात. तिथे "नाही" लिहून काहीशे रुपये वाचतीलही. पण पुढचा क्लेम आला की सर्व्हेअर भिंतीवरच्या पाण्याच्या जुन्या रेषा पाहतो, जुनी बिले मागतो, शेजाऱ्यांना विचारतो. खोटी माहिती उघड झाली तर हप्ता गेलाच, क्लेमही जातो. अर्ज एजंटने भरला असला तरी सही तुमची असते. सही करण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचा.

तिसरा, अर्धवट दुरुस्ती. क्लेमचे पैसे आले आणि लग्नात किंवा शाळेच्या फीमध्ये गेले. गच्चीची गळती तशीच राहिली. पुढच्या पावसात तिथूनच पाणी आले, तर ते नवे नुकसान की जुनेच, हा वाद उभा राहतो. दुरुस्ती करा आणि तिचा पुरावा ठेवा : आधीचे आणि नंतरचे फोटो, कंत्राटदाराचे बिल, बँकेतून पैसे दिल्याची नोंद. शक्य असेल तिथे पुढचा धोकाही कमी करा. तळमजल्यावर राहत असाल तर विजेचा मीटर आणि प्लगचे बोर्ड उंचावर घ्या, सांडपाण्याच्या नळाला पाणी उलटे न येऊ देणारी झडप बसवा, फ्रिज आणि धान्याच्या कोठ्या ओट्यावर ठेवा. हे सारे नूतनीकरणाच्या अर्जासोबत कळवा. कंपनीशी दराबद्दल बोलताना तुमच्या हातात काहीतरी असते.

रक्कम पुन्हा मोजा

क्लेमच्या वेळी एक गोष्ट आपोआप कळून येते : आपला विमा पुरेसा होता की नाही. जुन्या पॉलिसींमध्ये विमा कमी रकमेचा असेल तर क्लेमही त्या प्रमाणात कापला जाई. भारत गृह रक्षा पॉलिसीत ही कपात नाही. पण विमा रकमेच्या वर कंपनी एक रुपयाही देत नाही. तेव्हा दुरुस्तीला गवंडी, प्लंबर आणि रंगारी यांनी प्रत्यक्ष किती घेतले, त्या बिलांवरून आजचा बांधकामाचा दर काढा आणि नवी रक्कम ठरवा. फ्लॅटची बाजारातली किंमत इथे धरायची नाही. तिच्यात जागेची किंमत असते, आणि जमीन जळत नाही. विमा पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो.

दागिने किंवा मौल्यवान वस्तू असतील तर त्यांचे संरक्षण वेगळे मागावे लागते. गच्ची, जिना, पंप, लिफ्ट हे सामाईक भाग तुमच्या एकट्याच्या पॉलिसीत येतीलच असे नाही. सोसायटीने किंवा फ्लॅटधारकांच्या संघटनेने त्यांचा विमा घेतला आहे का, हे सभेत विचारा.

गृहकर्ज चालू असेल तर आणखी एक पाहा. बँकेचे नाव पॉलिसीत असते आणि मोठ्या क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जाऊ शकतात. कर्ज घेताना बँकेने काढून दिलेली पॉलिसी कधी संपते, हे अनेकांना माहीतच नसते. बँकेत जाऊन तिची प्रत मागा. बँक दरवर्षी नूतनीकरण करतच असेल, असे गृहीत धरू नका.

कंपनीने नकार दिला किंवा दर फार वाढवला तर

दर जास्त वाटला, तर भांडण्याआधी दुसऱ्या दोन कंपन्यांची दरपत्रके मागवा. अटी सारख्याच असल्यामुळे तुलना सोपी असते. जुना क्लेम तिथेही खराच सांगा. जुनी पॉलिसी संपते त्याच क्षणापासून नवी सुरू होईल, अशी तारीख लिहून घ्या.

नकार आला, तर कारण लेखी मागा. पुढील नमुन्याचे पत्र पुरेसे आहे :

"माझ्या घराच्या पॉलिसीची मुदत दि. ____ रोजी संपत आहे. चालू मुदतीत दि. ____ रोजी झालेल्या नुकसानीचा क्लेम आपण मंजूर केला. दुरुस्ती पूर्ण झाली असून बिले व फोटो सोबत जोडले आहेत. कृपया नूतनीकरणाचा हप्ता व अटी लेखी कळवाव्यात. नूतनीकरण नाकारायचे असल्यास त्याचे कारण मुदतीपूर्वी लेखी द्यावे."

उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. इर्डाच्या 'बीमा भरोसा' व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. फी नाही आणि वकीलही लागत नाही. पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि अंदमान-निकोबारसाठी लोकपालांचे कार्यालय कोलकात्यात चित्तरंजन अॅव्हेन्यूवर आहे. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे कार्यालये आहेत. क्लेम अडला किंवा कमी मिळाला, तरी वाट हीच.

मुदतीआधी काय, कधी?

६० दिवस आधी : पॉलिसी बाहेर काढा, मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा, दुरुस्तीची बिले आणि फोटो एका पिशवीत ठेवा.

४५ दिवस आधी : वरचे पत्र कंपनीला द्या आणि पोच घ्या. कोलकात्यात पावसाळ्याच्या आणि पूजेच्या सुट्ट्यांच्या आधी हे काम उरका.

३० दिवस आधी : दर आला नसेल किंवा पटला नसेल, तर दुसऱ्या कंपन्यांकडे विचारा. विमा रक्कम पुन्हा मोजा.

१५ दिवस आधी : अर्ज स्वतः वाचून, मागील क्लेम लिहून सही करा. हप्ता बँकेतून भरा आणि पावती घ्या.

पॉलिसी आल्यावर : नाव, पत्ता, कार्पेट एरिया, रक्कम, सुरू होण्याची तारीख आणि वेळ तपासा. एखादी चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. पॉलिसीचा फोटो काढून घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. पाणी शिरते तेव्हा कपाटातले कागदही भिजतात.

विमा क्लेम करण्यासाठीच घेतलेला असतो. खरे नुकसान, खरी माहिती आणि मुदतीत भरलेला हप्ता, एवढे तुमच्या बाजूने असेल तर क्लेम केल्याबद्दल ओशाळे होण्याचे काही कारण नाही. आज घरी गेल्यावर पॉलिसी शोधा आणि तिच्यावरची शेवटची तारीख पाहा.